तेल न लावलेली सुई

“सहज सुचण्यासारखं आहे, असं पेटंटवाले म्हणतात, मी नाही!” ललितने मोबाइल ओट्यावर ठेवला. “पण खरं सांगू? मलाही सुचलं असतं.”

“दापोऱ्याच्या केळीच्या बागांत जन्म काढलात. मग सुचलं का नाही?” चारुलताने नवऱ्याला विचारलं.

“वेळ नव्हता.”

लेक पूर्णिमा खो-खो हसली. “पप्पा, आप तो रहने ही दो.”

चारुलता बऱ्हाणपूरला कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. इतवारा बाजारातला दुकानदार ‘चालतंय’ म्हणाला, तरी वस्तू उघडून बघितल्याशिवाय पुढे न सरकणारी बाई. केळीला पाणी कधी हवं, ते झाडालाच विचारावं म्हणून तिने सेन्सर केला. खोडात खुपसायच्या दोन सुया, त्यांना जोडलेली डबी. खोडातलं पाणी घटलं की डबी मोबाइलवर कळवते. पेटंटचा अर्ज केला, तर आक्षेप आला: मातीत खुपसायच्या सुया आधीपासून आहेत, झाडाला लावायची यंत्रंही आहेत, दोन्ही जोडणं कुठल्याही जाणकाराला सहज सुचेल. सुनावणीत हे खोडून काढता आलं नाही, तर अर्ज बाद.

“सोडून दे ना,” ललित म्हणाला. “पेटंट मिळणार म्हणून गावभर मीच सांगून बसलोय. हसतील लोक.”

“म्हणजे माझ्या सेन्सरची नाही, तुमच्या तोंडाची काळजी.”

“भांडा खुशाल, पण तेलाची वाटी द्या कोणी!” सासूबाई, सोजरबाई, कच्ची केळी चिरायला बसल्या होत्या. हाताला, विळीला तेल लावल्याशिवाय या घरात कच्च्या केळीला कोणी शिवत नाही. चिकाचा डाग लुगडं फाटलं तरी जात नाही.

वाटी देता देता चारुलता थबकली. सेन्सरच्या सामानातून एक नवी सुई काढून तिने ललितच्या हातात दिली. “परसातल्या केळीत खुपसून या बरं.”

ललितने सुई घेतली आणि जाता जाता आईच्या वाटीत बुडवली.

“तेल का लावलंत?”

“का म्हणजे? चीक बसेल ना सुईवर!”

“मग बसू दे!” चारुलता उसळलीच. “मीही आधी तेलच लावायचे. आकडे माकडासारखे उड्या मारायचे. एकदा विसरले, तर चीक वाळून सुईवर पातळ थर बसला आणि आकडा जागेवर आला. आक्षेपातल्या जुन्या डिझाइनांत काय लिहिलंय? रस सुईला लागू देऊ नका. जाणकाराला तेलच सुचतं, चीक बसू द्यायचं नाही. आत्ता तुम्हालाही तेच सुचलं.”

ललितने सुईवरचं तेल पुसलं. “आता मात्र सोपं वाटतंय.”

“सांगितल्यावर.”

“माझी इतकी लुगडी खाल्ली त्या चिकाने,” सोजरबाई म्हणाल्या, “आणि कामाचा तोच निघाला का मेला?”

चारुलताने मोबाइल उचलला, सुनावणीला होकार पाठवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं,

“मंगळवारी अकरा वाजता बैठकीच्या खोलीतून व्हिडिओवर मी बोलणार आहे. तेव्हा मिक्सर बंद, टीव्ही बंद. त्या दिवशीचा स्वयंपाक पूर्णिमाचे पप्पा करतील.”