बसायचं काम

देशातलं सगळ्यात मोठं क्रीडासंकुल बांधून होत आलं होतं, आंतरराष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली होती आणि सुनेला तिथे काम मिळालं ते बसायचं. चेष्टा नाही. मुख्य मैदानाभोवती चाळीस हजार खुर्च्या. फिटरनं बोल्ट आवळला की हिनं त्या खुर्चीवर बसायचं, डावीउजवीकडे रेलायचं, पाठ टेकायची. खुर्ची कुरकुरली तर तिच्यावर खडूनं फुली मारायची, म्हणजे फिटर पुन्हा येऊन बघायचा.

सासूबाईंनी तीस वर्षं लॉन्ड्रीत उभं राहून इस्त्री केलेली. त्यांना ऐकूनच हसू फुटलं. "बसून खाणारी पुष्कळ पाहिली, पण बसायचा पगार घेणारी आमच्याच घरात निघाली!" हा विनोद शेजारीपाजारी महिनाभर पुरला. सूनही हसायची, पण आतून तिला लागायचं. हेही काम आहे असं सासूबाईंनी एकदा तरी म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी कामगारांच्या घरच्यांना मैदान बघायला बोलावलं. सासूबाईंचे गुडघे ठणकायचे, म्हणून सुनेनं पहिल्या रांगेतली, जिन्यालगतची खुर्ची हेरून ठेवली होती. सासूबाई तिच्यावर बसल्याच नाहीत. मान वर करून बघत राहिल्या.

"त्या पार टोकाच्यासुद्धा तूच तपासल्यास?"

"हो."

"लिफ्टनं जायचीस ना?"

"लिफ्ट कालपरवा सुरू झाली, आई."

"मग आपण जिन्यानंच जाऊ."

"अहो, गुडघे..."

"माझे गुडघे मी बघते."

एकशे बारा पायऱ्या. कठडा धरून, थांबत थांबत त्या चढल्या. मागून येणाऱ्या सुनेचा जीव नुसता खालीवर होत होता. शेवटच्या रांगेत त्या धापा टाकत बसल्या. दम जरा खाली बसल्यावर त्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा?"

"चार. कधी पाच."

"आणि घरी आलीस की मी तुला लगेच ओट्याशी उभी करायचे." त्या सुनेकडे वळल्या. "पाय इकडे कर."

"आई, काहीतरीच काय! लोक बघतील."

"बघू देत."

त्यांनी सुनेचे पाय ओढून मांडीवर घेतले आणि घट्टे पडलेल्या हातांनी तिच्या पोटऱ्या चेपायला सुरुवात केली. सुनेला रडूच फुटलं. सासूबाई चेपतच राहिल्या.