आनंदामामांची कडक गादी

गाडीची गादी उसवण्याआधी आनंदामामा गिऱ्हाइकाला तिच्यावर अर्धा तास बसवून ठेवत. गाडी स्टँडवर, इंजिन बंद, गिऱ्हाईक पुढे वाकलेलं, आणि मामा मागे स्टुलावर बसून नुसते बघत. कोल्हापुरात, कसबा बावड्यात भर रस्त्यावर त्यांचं गाड्यांच्या गाद्या शिवायचं दुकान. येणारेजाणारे हसायचे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी स्पोर्ट्स गाडी घेतली, बंगळूरपर्यंत जायचं खूळ डोक्यात शिरलं, म्हणून मीही तसा बसलो.

"मला चांगली मऊ गादी करा," मी म्हणालो.

"पावणं, मऊ गादी मानसाला खाती. हाडं बुडत्यात, रगात अडतंय. कडक फोम घालतो, हाडाखाली तेवढा खळगा. मनगाटावर भार टाकू नगा, गुडघ्यानं टाकी धरा. आन दोन तासाच्या वर एका जागी बसायचं न्हाय, उतरायचं!"

एवढं बोलून त्यांनी घड्याळाकडे बघितलं, कात्री ठेवली आणि पडद्यामागे गेले. मी वाकलेलाच. गादीच्या मापासाठी मी चारपाच खेपा मारल्या, आणि हे दर खेपेला व्हायचं. गिऱ्हाईक ताटकळत ठेवून हा माणूस बिडी ओढतो, अशी माझी खात्री झाली. एकदा वैतागून मी पडदा सारला.

आत कॉटवर मामी होत्या. जिन्यावरून पडल्यापासून कमरेखाली जाणीव नव्हती. मामा त्यांना कुशीवर वळवून पाठीवर लाल डाग शोधत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दर दोन तासाला वळवाय लागतंय. अकरा वर्सं झाली. पयल्यांदा मऊ गादी मीच घातलती. जखम झाली." मला माझीच लाज वाटली.

दुकानाच्या कोपऱ्यात मामांची स्वतःची गाडी झाकून ठेवलेली होती. तिची गादी त्यांनी कधीच शिवली होती. गोकर्णला जाऊन समुद्र बघायचा होता त्यांना. दोन दिवसांसाठी मामींजवळ कुणाला तरी ठेवा, मी सुचवलं.

"ठेवलतं की भैनीला. तिचा डोळा लागला. आलो तर पाठीला फोड."

"जावा की एकदाचं!" मामी आतून ओरडल्या. "मी काय पळून जातीय?"

मला हसू आलं. मामा हसले नाहीत.

काही वर्षांनी मामी गेल्या. दिवाळीनंतर मी मामांना ओढूनच बाहेर काढलं. दोघं दोन गाड्यांवर गोकर्णला निघालो. हात सैल, पाठ मोकळी, मामा सुरेख चालवत होते. निपाणी गेलं, संकेश्वर गेलं. बेळगावच्या अलीकडे ते थांबले. पाय मोकळे करायचे असतील, म्हणून मी उतरलो. ते उतरलेच नाहीत, मनगटावरचं घड्याळ बघत राहिले.

"मामा, आता कुणाला वळवायचंय?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

"कुणाला न्हाय. ठावं हाय मला," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी कोल्हापूरकडे वळवली.

पुढच्या आठवड्यात माझी गादी उसवली म्हणून दुकानात गेलो. मामांनी मला बसवलं, थोडा वेळ बघितलं, मग कात्री ठेवून पडद्यामागे गेले. या खेपेला मी पडदा सारला नाही. ते येईपर्यंत तसाच वाकून बसलो.