झाकणाखालची साय

अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या हिवाळ्यात वास जवळजवळ नसतातच. बर्फ पडून गेला की माती, पाचोळा, शेजारच्या अंगणातला देवदार, सगळे आपापला गंध आत ओढून घेतात आणि नाकाला जाणवते ती फक्त थंडीची धार. म्हणूनच त्या मोसमात आमच्या ट्रकचं दार उघडलं की आतून येणारा गोडसर वास मला दर वेळी थबकवायचा. साखरेचा पाक उकळताना येतो तसा, पण पाकाची ऊब नसलेला, घशाशी जरा चिकटणारा. कुठून येत असेल तो? श्रीधरला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, तूच मागे चिक्की सांडलीस." मी चिक्की सांडली नव्हती, हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. बोलणं टाळायचं असलं की माझा नवरा माझ्यावर चिक्की सांडल्यासारखे किरकोळ आरोप करतो.

इथे ट्रक म्हणतात ते आपल्याकडच्या मालट्रकसारखं धूड नव्हे. पुढे दोघांना बसायला जागा, मागे उघडा हौदा, एवढाच तो संसार. श्रीधर पूल बांधण्याच्या कामातून निवृत्त झाला तेव्हा त्याने हा जुना निळा ट्रक घेतला आणि पश्चिमेला तासदीड तासावर एका शेतकऱ्याकडून जमिनीचा तुकडा वर्षाच्या कराराने कसायला घेतला. तिथे त्याने मेथी लावली, वांगी लावली, गवार लावली. जन्मभर सिमेंटशी बोललेला माणूस मातीशी बोलू लागला! ऑगस्टमध्ये हौदा भरून वांगी यायची आणि इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या घरांत भरल्या वांग्यांचा घमघमाट सुटायचा. मग त्याच्या हृदयाचं बायपास ऑपरेशन झालं. त्यानंतरचा अख्खा एक हंगाम शेत तसंच पडून राहिलं, आणि ट्रकच्या वाट्याला आली ती फक्त कोपऱ्यावरच्या इंडियन ग्रोसरीची आणि पलीकडच्या देवळाची फेरी. इंजिन धड तापायच्या आत आम्ही पोहोचलेले असायचो.

त्याच हिवाळ्यात इंजिन थंड ठेवणारं पाणी, ज्याला इथे कूलंट म्हणतात, ते कमी होऊ लागलं. श्रीधरने भर घालावी आणि काही दिवसांनी पातळी पुन्हा खुणेखाली जावी. जमिनीवर मात्र एक थेंब सांडलेला दिसेना. एके दिवशी त्याने तेल ओतायच्या तोंडावरचं झाकण उघडलं आणि मला हाक मारली. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, पिवळसर, मऊ अशी साय धरली होती. तापवलेल्या दुधावर यावी तशी साय, आणि तीही इंजिनात! गॅरेजवाल्याने झाकणाकडे पाहिलं, कूलंटच्या टाकीकडे पाहिलं आणि निकाल दिला. इंजिनाच्या दोन भागांमध्ये तेल आणि पाणी यांना एकमेकांपासून दूर ठेवणारी एक पातळ पट्टी असते, हेड गॅस्केट. ती फाटली, पाणी तेलात मिसळलं, आता एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करण्यात अर्थ नाही. त्यात वावगं काहीच नव्हतं. दोन्ही खुणा अगदी पुस्तकातल्या होत्या.

संध्याकाळी देशाच्या दुसऱ्या टोकाहून, क्युपर्टिनोहून, निखिलचा, आमच्या मुलाचा, फोन आला. "आई, जस्ट जंक इट. बाबा तसंही कुठे ड्राइव्ह करतात आता?" स्पीकरवरचं ते वाक्य श्रीधरने ऐकलं आणि तो शांतपणे म्हणाला, "जाऊ दे. शनिवारी भंगारवाल्याला बोलावू." भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. शेतकऱ्याने निरोप ठेवला होता, यंदा जमीन हवी का ते महिनाअखेर कळवा म्हणून. त्या निरोपाला श्रीधरने उत्तर दिलेलं नव्हतं. मला तत्क्षणी दिसलं की शनिवारी ओढून नेतील तो नुसता ट्रक नसेल. त्यामागोमाग शेत जाईल, शेतामागोमाग त्याचं पहाटे उठणं जाईल, आणि उरेल तो खिडकीपाशी रजई पांघरून बसलेला एक आज्ञाधारक रुग्ण. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी हट्टाला पेटते. हा माझा जुना स्वभाव आहे.

मी आयुष्यभर पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं. रोग्याचा चेहरा न पाहता त्याच्या शरीराचा एक कण भिंगाखाली धरून त्याचं भवितव्य सांगायचं, असा तो विलक्षण एकांतातला व्यवसाय. त्यात मी एकच पथ्य पाळलं: भिंगाखालची काच स्वतः पाहिल्याशिवाय अहवालावर सही करायची नाही. समोरचा कितीही घाईत असो, कितीही मोठा असो. मग घरच्या गाडीच्या मृत्यूच्या दाखल्यावर मी न पाहता सही कशी करणार? "अरे श्रीधर," मी म्हणाले, "शनिवारपर्यंत रुग्ण माझा." तो हसला, पण खुर्चीतून उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेल मोजायची लांब पट्टी बाहेर ओढली आणि पांढऱ्या कपड्यावर पुसली. तेल मधासारखं स्वच्छ होतं! खरोखर पाणी मिसळलं असतं तर खालचं सारं तेलच ताकासारखं व्हायला हवं होतं. साय होती ती फक्त वर, झाकणाच्या थंड पत्र्याला. दुपारभर मी कंप्युटरवर ट्रकवेड्या लोकांच्या गप्पांची पानं वाचत बसले. कुठल्या कुठल्या गावांतली अनोळखी माणसं आपापल्या इंजिनांची दुखणी किती मायेने लिहितात! तिथेच एक चाचणी सापडली. इंजिनाची जळकी हवा पाण्यात शिरत असेल तर एक निळा द्रव पिवळा होतो. भिंगाखालच्या रंगांवर माझं पोट चाललेलं; मला याहून प्रिय पुरावा कोणता? सुट्या भागांच्या दुकानातून मी ते नळकांडं आणलं, इंजिन सुरू केलं आणि टाकीच्या तोंडावर धरून उभी राहिले. द्रव निळाच राहिला. आकाशासारखा निर्मळ निळा.

डोळ्यांत पाणी आलं, पण सही करायची वेळ अजून आली नव्हती. गॅस्केट शाबूत असेल तर साय कुठली आणि पाणी जातं कुठे? डॉक्टरीच्या पहिल्याच वर्षात आम्हाला शिकवतात, दोन लक्षणं दिसली तर दोन्हींना पुरेल असा एकच आजार शोधा. तरुण देहाला ते लागू पडतं. वय झालेल्या देहात मात्र दोन निरनिराळे आजार एकमेकांची ओळखही नसताना शेजारी शेजारी सुखाने नांदतात, हे भिंगाने मला पुढे शिकवलं. आपणही घराघरांत हेच करतो, नाही का? माणूस अबोल झाला आणि जेवेनासा झाला की दोन्हींची एक गाठ मारून मोकळे होतो. मी ती गाठ सोडवायला घेतली आणि आधी पाण्याच्या मागे लागले.

त्याच दुकानातून मी हाताने हवा भरायचा एक पंप उसना आणला. तो टाकीवर बसवून दाब द्यायचा आणि काटा खाली येतो का पाहायचं. माझी झटापट श्रीधर खिडकीतून बघत होता. अखेर त्याला राहवलं नाही. कोट चढवून बाहेर आला आणि म्हणाला, "अगं, हा काय रक्तदाबाचा पट्टा आहे? सरक." कितीतरी दिवसांनी मला कुणीतरी हक्काने सरक म्हटलं होतं. त्याने दाब दिला. काटा हळूहळू, अगदी लबाडाच्या पावलांनी, खाली आला. म्हणजे पाणी कुठूनतरी निसटत होतंच! टॉर्च घेऊन आम्ही नळ्या पाहिल्या, सांधे पाहिले, इंजिनाखाली पुठ्ठा सरकवला. सगळं कोरडं ठणठणीत. पाय गारठले म्हणून मी आत माझ्या सीटवर जाऊन बसले, दार ओढलं, आणि तो गोड वास आला.

आत का? बाहेर नाही, आत का? मी खाली वाकले. माझ्या पायाखाली सोलापुरी चादरीची जाड घडी होती. ट्रकचा गालिचा बर्फाच्या चिखलाने खराब होऊ नये म्हणून मीच ती पहिल्या वर्षी अंथरली होती. चादर ओलसर असायची, पण बुटांचा बर्फ वितळून ओल येतेच, त्यात नवल ते काय? मी घडी उचलायला गेले तर ती उचलेना, इतकी जड झाली होती. पिळली तर हिरवट, गोड वासाचं पाणी बोटांवरून ओघळलं. डॅशबोर्डच्या मागे केबिन गरम करणारा एक लहानसा रेडिएटर असतो. तो पाझरत होता, थेंब थेंब, आणि आमची सोलापुरी चादर सारं निमूटपणे पोटात घेत होती. "श्रीधर!" मी ओरडले. त्याने पाहिलं आणि तो इतका हसला की मला क्षणभर त्याच्या छातीवरच्या टाक्यांची काळजी वाटली. "अमेरिकेत दुसऱ्या कुणाच्या गाडीत हा रोग लपला नसता," तो म्हणाला. "कव्हर घालायची हौस आपलीच."

खरंच आपलीच. आम्ही रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालतो, चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी कपाटात ठेवतो, नवी साडी लग्नकार्यासाठी राखतो आणि मग घडीवर विरलेली पाहून हळहळतो. जपणं हे आमच्या प्रेमाचं रूप आहे. सायीचं कोडंही तिथेच सुटलं. इंजिन चाललं की आत थोडा दमटपणा धरतो; लांबच्या रस्त्यावर तेल पुरतं तापतं आणि ती वाफ उडून जाते. आमच्या ट्रकला पुरतं तापू दिलंच होतं कुणी? म्हातारा झाला, जुना झाला, म्हणून आम्ही त्याला कोपऱ्यापर्यंतच नेत राहिलो आणि तो दमटपणा झाकणाशी साचत गेला. त्याला श्रमांनी काहीच झालं नव्हतं. जे झालं ते लाडाने. हे वाक्य मी श्रीधरला समजावत होते, आणि समजावता समजावता थांबले. तो माझ्याकडे बघत होता, हातात टॉर्च, नाकाचा शेंडा थंडीने लाल, गालांवर रंग. हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला केव्हाच सांगितलं होतं, सगळं करा. त्या सगळ्यातून काय काय वगळायचं, ते मी ठरवलं होतं.  

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं, आणि शेतकऱ्याला श्रीधरनेच हो म्हणून कळवलं. गॅरेजवाल्याने पाझरणाऱ्या रेडिएटरला वगळून दोन नळ्या परस्पर एकमेकींना जोडून दिल्या. श्रीधर म्हणाला, "म्हणजे माझंच ऑपरेशन." आता केबिनमध्ये गरम हवा येणार नव्हती, पण मार्च उजाडला होता आणि आमच्याकडे कोट होते. निखिलला मी फोनवर सांगितलं, "बाबा ड्राइव्ह करतायत, लांब." पलीकडून "वॉव, ओके, आई," एवढंच.

आणि एका सकाळी आम्ही निघालो. चादर पाच पाण्यांतून काढून, उन्हात वाळवून या वेळी मी पायाखाली न घालता गुडघ्यांवर घेतली होती. हायवेवर श्रीधरने गाडीला वेग दिला. इंजिनाचा आवाज आधी घोगरा, मग मोकळा झाला. शेताच्या कडेला पोहोचून, इंजिन थोडं निवल्यावर मी झाकण उघडलं. आत तेलाची नितळ झाक होती, बाकी काही नाही. मग केबिनमध्ये डोकावून पुन्हा एकदा वास घेतला. गोडवा गेला होता. उघड्या दारातून येत होता तो नुकत्याच वितळलेल्या मातीचा आणि शेणखताचा वास, हिवाळ्याने इतके दिवस आत ओढून धरलेला. श्रीधरने हौद्यातून फावडं काढलं, खांद्यावर टाकलं आणि तो त्या मऊ, निसरड्या मातीतून चालू लागला. जपून, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग म्हणाले, "मेथीचे वाफे यंदा जास्त कर."