मंजुषाची डिस्क आणि घरचा इन्व्हर्टर

मंजुषा आमची सून. येरमाळ्यात घरच्या माडीवर बसून ती कर्नेलचं काम करते. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला मुकादम. कुठलं काम आधी, कुठलं मागून, ते तो ठरवतो.

मी जन्मभर बाजारात हमाली केली. मला कळावं म्हणून ती म्हणाली, "मामा, पोती गोदामात लागल्याशिवाय पावती फाडतात का? तसंच. फाइल आधी डिस्कवर, मग 'पूर्ण' ही खूण. पण डिस्क लबाड. माल गोदामाबाहेरच्या ओट्यावर ठेवते अन् 'लावला' म्हणते. लाइट गेली की ओट्यावरचा माल गेला. म्हणून 'ओटा मोकळा कर' सांगून थांबावं लागतं."

थांबण्यात वेळ जातो. कंपनीला वेग हवा होता. मंजुषानं खुणेआधीचं थांबणं काढलं. कंपनीचं म्हणणं, हे जमलं तर घरूनच कायम काम, नाही तर पुण्याला परत.

परीक्षा सोपी होती. लाइट गेली की कॉम्प्युटर बंद पडे. आली की ती फाइली तपासे. आठवडाभर एकही बिघडली नाही. बदल पाठवायचा ठरला.

त्या दुपारी पुन्हा लाइट गेली. कॉम्प्युटर बंद, पण शेजारच्या डिस्कच्या डबीवर हिरवा दिवा तसाच. मंजुषानं वायर हातानं चाचपत नेली. पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात.

"आत्या, ही पिन इथं कुणी लावली?"

"म्या," माझी बायको द्वारकाबाई जिन्यातून म्हणाली. "मागल्या आठवड्यात, झाडताना. तुझं काम बुडू न्हाय म्हणून."

"म्हणून डिस्कला ओटा मोकळा करायला सवड मिळत होती!" मंजुषा कपाळाला हात लावून हसली.

"मग चांगलंच केलं की."

"लई चांगलं. पण लोकांच्या घरी पिन लावायला तुम्ही कुठं कुठं जाणार?"

पिन परत कॉम्प्युटरच्याच बोर्डात गेली. लाइट आल्यावर तिनं फाइली लिहायला लावल्या, मी त्या बोर्डाचं बटण पाडलं. कॉम्प्युटर आणि डिस्क दोन्ही एकदम बंद. पुन्हा चालू केलं तर खूण 'पूर्ण', आणि फाइल रिकामी. तिचं हसू गेलं.

तिनं थांबणं परत घातलं. वेगासाठी वेगळी सोय केली: प्रत्येक फाइलीमागं न थांबता बऱ्याच फाइलींसाठी मिळून एकदाच थांबायचं. मग मी बटण पाडत राहिलो, ती तपासत राहिली. माझं बोट दुखलं. 'पूर्ण' म्हटलेली एकही फाइल रिकामी निघाली नाही.

वेग जुन्याहून जास्त निघाला. कंपनीनं बदल घेतला. पुण्याची खोली रिकामी करायला माझा मुलगा कुमार टेम्पो घेऊन गेला. तिथून आणलेलं लोखंडी कपाट घरच्या जिन्यात वळेना, तेव्हा आम्ही ते दोरानं बाहेरून माडीवर ओढलं. एक ओरखडा नाही.