बिननावाचे दीडशे ड्रॅगन

बेडकाचं पोट उघडून दाखवण्यात चार्टवालीचा हात धरणारं कोणी नव्हतं. शाळांच्या भिंतींवर टांगतात ते शरीररचनेचे मोठे तक्ते ती तीस वर्षं काढत आली होती. बेडूक, झुरळ, माणसाचा कान, गाईचं चार कप्प्यांचं पोट. त्या चित्रांपुढे कोणी आवडीने दोन मिनिटं उभं राहिलं असेल, असं तिला स्वतःलाही वाटत नव्हतं. मुलं उभी राहायची ती उत्तर आलं नाही म्हणून. मग वर्गावर्गांत पडदे आले, बेडूक पडद्यावर उड्या मारायला लागला, आणि तक्त्यांच्या कंपनीने एके दिवशी सगळ्या चित्रकारांना चहा पाजून निरोप दिला.

दादाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, यात आभाळ कोसळण्यासारखं काही दिसलं नाही. त्याच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात फोन घ्यायला माणूस हवंच होतं. सोमवारपासून ये, असं त्याने सांगूनच टाकलं. माणूस वाईट नव्हता, बहिणीवर जीव होता. फक्त तिचं काम म्हणजे वळणदार अक्षरासारखं काहीतरी, असलं तर बरं, नसलं तरी कोणाचं अडत नाही, असा त्याचा पक्का समज होता. ती म्हणाली, रविवारी संध्याकाळी सांगते.

कारण रविवारी संमेलन होतं. चित्रकथा आणि कार्टूनच्या वेड्या चाहत्यांचं, आवडत्या पात्रांची सोंगं घेऊन येणाऱ्यांचं. दादाच्याच मुलीने तिथे आपले बिल्ले विकायला टेबल घेतलं होतं, त्यातलं अर्धं तिने आत्याला देऊन टाकलं. आणि आत्याने जन्मात पहिल्यांदा कोणी न सांगता चित्र काढलं. आग ओकणारा ड्रॅगन, उभा चिरलेला, आतल्या सगळ्या अवयवांसकट. आग कुठे तयार होते, धूर कुठून बाहेर पडतो, पंखांचे स्नायू कोणत्या हाडाला धरून असतात, सगळं. अभ्यासक्रमात नसलेलं आपलं चित्र कोणाला हवंसं वाटतं का, एवढंच तिला बघायचं होतं. नाही वाटलं तर सोमवारी निमूटपणे फोन घ्यायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण खरं सांगायचं तर वाटेलच, अशी तिची खात्री होती. इतका चांगला ड्रॅगन तिने दुसऱ्या कोणाच्या हातचा पाहिला नव्हता.

सकाळी भाची छापखान्यातून थेट गठ्ठा घेऊन आली. दोरी सोडली आणि आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. दीडशे ड्रॅगन, रंग झकास, रेघ न् रेघ स्वच्छ. प्रत्येक अवयवापासून एक बारीक रेघ निघून कागदाच्या कडेपर्यंत गेलेली, आणि तिथे काहीच नाही. एकही नाव नाही.

झालं होतं ते असं. तक्त्याचं चित्र एका कागदावर काढायचं आणि नावं वरच्या पारदर्शक कागदावर लिहायची, ही कंपनीची पद्धत. चित्र छापखान्यात द्यायचं, नावांचा कागद तपासनीस बाईंकडे. त्या शुद्धलेखन बघून तो मागाहून पाठवायच्या. तीस वर्षं हेच चाललेलं. या वेळी चित्र सवयीने छापखान्यात गेलं आणि नावांचा कागद सवयीने तपासनीस बाईंच्या पाकिटात. पाकीट घरी टेबलावर होतं. तपासनीस बाई तर कधीच रिटायर झाल्या होत्या.

भाचीने कपाळाला हात लावला. आत्याने पिशवीतून पट्टी, पेन्सिल आणि काळ्या शाईचं पेन काढलं. हाताने लिहू, म्हणाली. अक्षर माझंच आहे.

पहिलं गिऱ्हाईक फोमचं चिलखत घालून आलं. उंचापुरा तरुण, बगलेत शिरस्त्राण. त्याने एका रेघेवर बोट ठेवून ती कशाची म्हणून विचारलं. आत्या सांगणार होती, पण तीस वर्षांची प्रश्नपत्रिका तिच्या हाडीमाशी खिळलेली. तोंडातून निघून गेलं, "तुम्हीच सांगा."

तरुण खाली वाकला. चिलखत करकरलं. "इथे हा आग साठवतो," तो म्हणाला. "पण मग याचा गळा कसा जळत नाही?"

या प्रश्नावर आत्याने घरी आठवडा घालवला होता. गळ्याला आतून चिकट थर आहे, तो सारखा पाझरत राहतो, हे तिने दाखवलं. तरुण आ वासून ऐकत राहिला. मग साठवणीच्या पिशवीला त्याने नाव दिलं, 'भडकोबा'. आत्याने दोन फिकट रेघा आखल्या आणि 'यकृत' लिहायची त्याच ठाशीव अक्षरात 'भडकोबा' लिहून दिलं.

तो कागद हॉलभर मिरवला असावा. अकराच्या सुमारास टेबलापुढे रांग लागली. दिवसभरात तीच पिशवी कोणाची 'रागगाठ' झाली, कोणाची 'बॉसची आठवण'. भाची बिल्ले विकायचे सोडून रांग सांभाळायला लागली. दुपारी पाठीला भलेमोठे पंख बांधलेली एक बाई आली, बराच वेळ चित्र न्याहाळून म्हणाली की छातीचे स्नायू कमी पडतात, एवढ्यावर हा उडणार नाही. ती प्राण्यांची डॉक्टर निघाली. आत्याने चष्मा पुसून पाहिलं. डॉक्टरीणबाईंचं खरं होतं. उरलेल्या प्रत्येक ड्रॅगनची छाती तिने पेनाने भरून काढली, आणि चूक निघाल्याचा तिला इतका आनंद झाला की भाचीला वाटलं आत्याला ऊन लागलं. चूक काढायला आधी कोणाला तरी इतकं बघावं लागतं. बाईंनी दोन ड्रॅगन नेले, एक उडणारा आणि एक न उडणारा.

पाच वाजता दादा आला. उरलेला गठ्ठा न्यायला छोटा टेम्पो आणि समजुतीची चार वाक्यं, अशी तयारी करून आला होता. पुढे जायला लागला तर एका चेटकिणीने त्याला अडवलं, काका, रांग आहे. दादा मुकाट्याने रांगेत लागला. वीस मिनिटांनी त्याचा नंबर आला.

"नाव सुचवा," आत्या मान वर न करता म्हणाली.

"अगं, मी आहे."

तिने वर पाहिलं. तिची बोटं शाईने काळी झाली होती. "दादा, मी उद्या येत नाही," ती म्हणाली. "फोनला दुसरं कोणीतरी बघ."

दादाने वाद घातला असता, वादात तो कधी हार जाणारा नव्हता. पण समोर कागद होता आणि रांगेत इतका वेळ पुढच्यांचं बोलणं कानावर पडलेलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि ड्रॅगनच्या पोटावर बोट ठेवलं. "आग जर कायम आतच असते," त्याने विचारलं, "तर हा झोपतो कसा?"

जेवलीस का, पैसे वेळेवर देतात का, हे दादाने तिला हजारदा विचारलं होतं. चित्राच्या आतलं त्याने आजवर काहीही विचारलं नव्हतं. उत्तर तयार होतं. मागच्या तिघांना तिने थोडं थांबायला सांगितलं, पेन खाली ठेवलं आणि दादासाठी भाचीचं स्टूल ओढलं.

"बस," ती म्हणाली. "सांगते."