तोफखान्याचं अपील

गल्लीत सगळ्यात शांत घर कुणाचं, तर तोफखान्याचं. तोफखाना हे माणसाचं नाव, बरं का! फौजेत बावीस वर्षं तोफेवर काढली म्हणून गल्लीनं दिलेलं. एवढ्या आवाजातून आलेला माणूस, पण त्याच्या दाराला घंटी नव्हती, भिंतीवरचं घड्याळ कपाटात गेलेलं आणि खिडक्यांना जाड गडद पडदे. आठवड्यातून दोन दिवस तो त्या पडद्यांआड उशीत तोंड खुपसून पडायचा. अर्धं डोकं असं ठणकायचं, की चमचा पडला तरी ओकारी यायची. अर्धशिशी. शत्रूनं त्याचं काही वाकडं केलं नाही. जे केलं ते स्वतःच्याच तोफेनं.

आता फौजेत असताना डोकं दुखत नव्हतं का? दुखत होतं की! दहाव्या वर्षापासून दुखत होतं. पण तिथे आजारी पडायचं म्हणजे रजिस्टरात नाव, आणि तीनदा नाव आलं की कपाळावर शिक्का: कामचुकार. कामचुकाराला बढती नाही, आणि तोफेवर तर कुणी उभंही करत नाही. म्हणून यानं तुकडीतल्या कंपाउंडरशी दोस्ती केली. कंपाउंडर भला माणूस. मागच्या दारानं गोळ्या द्यायचा आणि रजिस्टरात अक्षर लिहायचा नाही. "तुझं रेकॉर्ड आरशासारखं ठेवलंय बघ," म्हणायचा. खरंच ठेवलं होतं. बावीस वर्षांत एक डाग नाही. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी त्याबद्दल पाठसुद्धा थोपटली.

पुढे त्याच रेकॉर्डनं गळा धरला. फौजेतून सुटल्यावर दोन ठिकाणी पहारेकऱ्याची नोकरी लागली आणि दोन्हीकडून घरी बसवलं. पहारेकरीच अंधाऱ्या खोलीत जाऊन पडायला लागला, तर मालक तरी काय करणार? मेव्हणा चारचौघांत म्हणाला, "एवढा धडधाकट माणूस, डोकं कसलं दुखतंय! नाटकं सगळी." दुसऱ्याच दिवशी तोफखान्यानं अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज भरला. पैसे मिळाले तर हवेच होते, खोटं कशाला बोला? पण त्याला खरा हवा होता तो कागद. हा माणूस कामचुकार नाही, याचं डोकं खरोखर दुखतं, असं सरकारी शिक्क्यानिशी कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं.

दीड वर्ष अर्जाचं घोडं कुठे पेंड खात होतं देव जाणे. शेवटी एकदाचं तपासणीला बोलावणं आलं. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काय, कसं आहे?" आणि हा गडी खुर्चीतून ताडकन उठला, टाचा जुळवल्या आणि छाती काढून म्हणाला, "एकदम ठीक, साहेब!"

घ्या! जन्माची सवय. साहेबानं विचारलं की सगळं ठीकच असतं. पायात गोळी घुसली असली तरी ठीक. डॉक्टरांनी ऐकलं तसं लिहून घेतलं. महिन्याभरात पत्र आलं: सेवाकाळात डोकेदुखीची नोंद आढळत नाही, अर्जदार स्वतः प्रकृती ठीक असल्याचे सांगतो, सबब दावा फेटाळण्यात येत आहे.

बायकोनं पत्र दोनदा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, लोकांची बोलून बोलून मातीसुद्धा विकली जाते. तुम्ही तुमचं सोनं माती म्हणून विकून आलात!"

अपिलाची एकच संधी होती. तेही फेटाळलं की फाइल कायमची बंद, आणि मेव्हणा खरा. बायको इरेला पेटली. रोज स्वयंपाकघरात ती डॉक्टर व्हायची आणि हा अर्जदार. "काय, कसं आहे?" "ठी..." "परत!" सगळी तालीम कुजबुजत चालायची. पंधरा दिवसांत त्याच्या तोंडून "दुखतं, साहेब" एवढं वदवून घेताना तिच्या नाकी नऊ आले, आणि तेसुद्धा तो चोरी कबूल केल्यासारखं म्हणायचा. मग तिनं कंपाउंडरचा पत्ता काढला. बिचाऱ्यानं लगेच लिहून दिलं: गोळ्या मी देत होतो, नोंद मी केली नाही.

अपिलाच्या दिवशी तोफखान्यानं बूट चकाकवले, शर्टाला कडक इस्त्री केली आणि ताठ उभा राहिला.

"अहो, आज तरी जरा आजारी दिसा की!" बायको म्हणाली. ते काही त्याला साधेना.

कचेरीच्या दालनात टेबलामागे तिघं बसले होते: अध्यक्ष, एक डॉक्टर आणि एक लेखनिक. अध्यक्षांनी कंपाउंडरचं पत्र वाचलं आणि चष्मा काढला. "म्हणजे या गृहस्थांनी सरकारी रजिस्टर खोटं ठेवलं. जो तेव्हा खोटं वागला, त्याचं आज खरं कसं मानायचं?" आता बोला! मग ते तोफखान्याकडे वळले. "डोकं दुखतं?"

"दुखतं, साहेब."

"किती दुखतं?"

याची तालीम झाली नव्हती. तोफखाना गडबडला. "तसं... चालवून घेतो, साहेब."

बायकोनं डोळे मिटले. अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. ते बघून ती उठलीच.

"साहेब, ह्यांना काय विचारता? ह्यांना मेलं सांगता येतच नाही. मला विचारा."

"तुम्हाला डोकेदुखी आहे का, बाई?"

"आहे ना. ह्यांचीच," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी कुकर लावला नाही, शिट्टी होते म्हणून. उघड्या पातेल्यात शिजवते. चपला आम्ही जिन्याखाली काढतो. मला भांडायचं झालं तर मी गच्चीवर जाऊन एकटी भांडते आणि गप्प होऊन खाली येते. आमची मुलगी गाते, साहेब. चांगली गाते. पण घरात नाही. रोज दुपारी मैत्रिणीच्या घरी जाऊन गाते आणि ह्यांना सांगते, शिवणाच्या क्लासला जाते..." तिची नजर नवऱ्याच्या चेहऱ्याकडे गेली आणि ती थांबली.

"हे खरं आहे?" अध्यक्षांनी त्याला विचारलं.

नुसतं हो म्हणायचं होतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "मला माहीत नाही, साहेब. तिनं गाणं सोडलं, असं मला सांगितलं होतं. मला वाटत होतं, माझं दुखणं मी घरात कुणाला कळूच दिलं नाही."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि लेखनिकाला म्हणाले, "हे लिहून घ्या."

बाहेर व्हरांड्यात येताच तो बायकोवर उखडला. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलंत कधी?" ती म्हणाली.

दोन महिन्यांनी कागद आला. अपील मंजूर. विकार सेवेमुळे जडल्याचे कुटुंबीयांच्या वर्तनावरून सिद्ध होते. खाली बारीक अक्षरात होतं, की दोन वर्षांनी, प्रकृतीत सुधारणा झाली नसल्याच्या पुराव्यासह पुन्हा हजर राहावे. मेव्हणा अभिनंदनाला धावत आला. "मी पहिल्यापासून म्हणतच होतो!" म्हणाला. बायको त्याला काहीतरी सणसणीत ऐकवायला गच्चीवर निघाली होती, तोफखान्यानं तिला हात धरून बसवलं आणि म्हणाला, "इथेच ऐकव. मोठ्यानं."

आणि तो स्वतः भर दुपारी, डोक्यावर टोपीसुद्धा न घालता बाहेर पडला. मुलीच्या मैत्रिणीचं घर चार गल्ल्या पलीकडे होतं. त्या घराच्या खिडकीखाली तो उन्हात उभा राहिला. आत त्याची मुलगी गात होती. केवढा मोकळा आवाज! घरात पाणी मागतानासुद्धा हिचा आवाज दाताबाहेर येत नसे. ऐकता ऐकता डाव्या भुवईवर ठणका सुरू झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, त्यानं भिंतीचा आधार घेतला, पण तो हलला नाही.

मुलीला खिडकीतून बाप दिसला आणि गाणं तुटलं. ती धावत बाहेर आली. सवयीनं आधी तिचा आवाज खाली गेला. "बाबा, तुम्ही इथे? डोकं दुखतंय का?"

"दुखतंय. फार दुखतंय," तो म्हणाला. "तू आत जा आणि सगळं म्हण. मधेच का थांबलीस?"