शेरेबहीतलं समाधानकारक

इंग्लंडमधल्या विद्यापीठात इंग्रजीच्या अध्यापनावर पीएचडी करायला निघाले, तेव्हा माझ्यापेक्षा जास्त छाती फुगली ती माझ्या सरांची. लोहारा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनीच मला इंग्रजी शिकवलं होतं. दुसऱ्या वर्षी संशोधनासाठी एक वर्ग हवा होता, तो मी त्यांचाच मागितला. परक्या वर्गात कोण बसू देतंय? त्यात प्रेम कमी आणि सोय जास्त होती, हे आता कबूल करते.

दोन महिने सातवीच्या वर्गात सगळ्यात मागं बसले. विद्यापीठाचा नियम सोपा होता: बघायचं, टिपायचं, मध्ये बोलायचं नाही. सर वाक्य म्हणत, पोरं एका सुरात परत म्हणत. प्रश्न विचारायचे ते पुढच्या दोन ओळींनाच. माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. वही स्वच्छ, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. त्या दोन महिन्यांत तिला इंग्रजीच्या तासाला एकही प्रश्न विचारला गेला नाही. मी ते रोज टिपत होते. चांगली नोंद मिळाली म्हणून मला आनंद व्हायचा, त्याची आज किळस येते.

सरांना मात्र ही तपासणीच वाटायची. रोज इस्त्रीचा शर्ट. तास संपला की विचारायचे, "कसं झालं गं? काय चुकत असंल तर सांग." मी तोंडात मिठाची गुळणी धरून हसायचे.

शेवटच्या दिवशी त्यांनी कपाटातून शेरेबही काढली. शाळेत आलेल्या पाहुण्यानं तिच्यात शेरा लिहायचा, ही रीतच आहे. सगळे साहेब जे लिहितात तेच मी लिहिलं: अध्यापन समाधानकारक. खाली सही ठोकली. शाई वाळेपर्यंत सरांनी पान उघडं ठेवलं.

खरं लिहिलं ते तिकडं परत गेल्यावर, प्रबंधाच्या एका प्रकरणात. सगळा तास शिक्षकच बोलतात, मागची मुलं वर्षभर मुकी राहतात, आणि पुरावा म्हणून ती मुलगी. सरांच्या नावाच्या जागी 'शिक्षक अ' आणि तिच्या जागी 'विद्यार्थिनी चौदा'. ज्यांच्यावर लिहिलं त्यांना ते दाखवायचं, असाही नियम होता, म्हणून ते प्रकरण सरांना पाठवलं. एवढं जड इंग्रजी सर कुठलं वाचतायत, असं मी मनाशी धरलं होतं. ज्यांनी मला ती भाषा दिली त्यांच्याबद्दल.

वर्षभरानं गावी आले तेव्हा सरांनी शाळेत बोलावलं. टेबलावर माझं प्रकरण होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत समासात पेन्सिलीनं शब्दांचे अर्थ लिहिलेले. शेजारी शेरेबही, माझ्या सहीच्या पानावर उघडी.

"यातलं खरं कुठलं?" त्यांनी विचारलं.

मी छापील कागदांकडं बोट दाखवलं.

"गुरूची विद्या गुरूला फळली," ते म्हणाले, पण हसले नाहीत. "लिवल्याचा राग न्हाय. मी रोज इचारत व्हतो की गं तुला."

"सर, मध्ये बोलायचं नाही असा नियम होता."

"मधी न्हाय. पण शेवटच्या दिवशी तर बोलता आलं असतं?"

मला खूप लाज वाटली. त्या दिवशी नियम आड आला नव्हता, मीच भित्री होते. सरांनी पेन पुढं सरकवला. "आता लिव्ह. मला अजून दीड वर्स शिकवायचंय."

मी जुन्या शेऱ्याखाली मराठीत लिहिलं. प्रश्न मागच्या ओळीपासून सुरू करा. दोघादोघांना आपसात बोलू द्या. चुकलं तरी वाक्य पुरं होऊ द्या. अर्धं पानसुद्धा भरलं नाही.

सरांनी ते दोनदा वाचलं. "येवढंच व्हतं व्हय?"

मी त्या मुलीची चौकशी केली. आमची शाळा सातवीपर्यंतच, आठवीला पोरं सास्तूरच्या शाळेत जातात.

"ती गेली न्हाय," सर म्हणाले. "इंग्रजी येत न्हाय, कशाला जाऊ, म्हनली. बापानं बी लई लावून धरलं न्हाय. शेतात जाती आता."

पुढं मला पदवी मिळाली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विद्यार्थिनी चौदाच्या उदाहरणाचं खास कौतुक केलं. मी मान खाली घालून त्यांचे आभार मानले.